असीरगडचा अखेरचा फारुकी

धुळे शहर मागे टाकून मुंबई-आग्रा हमरस्त्याने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला तीनेक कोसांच्या आतच वाटेवर नजर रोखून बसलेला लळिंगचा किल्ला दिसतो, आणि उत्तरेस निघालेला प्रवासी शिरपूर तालुक्यात वळण घेऊन तापीकाठच्या थाळनेरला पोहोचला, तर तेथे काही जुन्या घुमटदार कबरी त्याच्या दृष्टीस पडतात. या दोन्ही स्थळांशी ज्या राजवंशाचे नाव जडलेले आहे, त्या फारुकी वंशाने तापीच्या खोऱ्यातील आपल्या या मुलखावर १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य केले. खुद्द ‘खानदेश’ हे नाव या घराण्याच्या ‘खान’ या किताबावरून पडले असे अनेक इतिहासकार मानतात, जरी ‘कान्हदेश’ ही लोकांच्या जिभेवरची व्युत्पत्तीही काही कमी जुनी नाही. असे असूनही देवगिरीच्या यादवांविषयी अभिमानाने बोलणारा सुशिक्षित खानदेशी मनुष्य या फारुकींविषयी चार वाक्ये सलग सांगू शकत नाही, याची मला नेहमी खंत वाटत आलेली आहे. त्यातही ज्याच्या हातून हे राज्य गेले, त्या बहादूरशहा फारुकीविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले, ते बहुतांशी त्याचे राज्य घेणाऱ्यांच्या पदरी असलेल्या लेखणीतून उतरलेले आहे, आणि पराभूताची बाजू अशा लेखणीत कितीशी उतरणार?

या वंशाचा मूळ पुरुष मलिक राजा. फिरोजशहा तुघलकाकडून त्याला १३७० च्या सुमारास थाळनेरची जहागीर मिळाली, आणि दिल्लीचा अंमल सैल होताच १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला. खलिफा उमर अल्-फारूक यांच्यापासून आपला वंश निघाला असे तो सांगे, म्हणून हे घराणे फारुकी म्हणवले गेले. त्याचा थोरला मुलगा नसीरखान याच्या वाट्याला लळिंग आले आणि धाकट्या इफ्तिखारच्या वाट्याला थाळनेर. परंतु नसीरखानाची दृष्टी या दोहोंच्याही पलीकडे, सातपुड्याच्या त्या प्रचंड सुळक्यावर होती, ज्यावर आसा अहीर नावाच्या श्रीमंत गवळी नायकाची वस्ती होती आणि ज्याला त्याच्याच नावावरून असीरगड म्हणतात अशी समजूत आहे. इतिहासकार फिरिश्त्याने दिलेली हकीकत अशी की, शेजारच्या राजांच्या भयाचे निमित्त सांगून नसीरखानाने आपला जनाना गडावर ठेवण्याची परवानगी आसाकडे मागितली. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरीच स्त्रिया गेल्या, दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले, आणि स्वागतास पुढे आलेले आसा व त्याचे पुत्र तेथेच कापले गेले. अहिराणी बोलणाऱ्या आपल्या मुलखात आसा अहिराचे नाव अजून आदराने घेतले जाते ते उगाच नव्हे. पुढे याच नसीरखानाने तापीच्या उत्तर तीरावर शेख बुऱ्हाणुद्दीन या संताच्या नावाने बऱ्हाणपूर वसवले, आणि थाळनेरचे वैभव हळूहळू तिकडे सरकले.

हे राज्य पहिल्यापासून लहान, आणि त्याच्या भोवताली मात्र एकाहून एक बलाढ्य सत्ता: पश्चिमेस गुजरात, उत्तरेस माळवा, दक्षिणेस आधी बहमनी आणि मग अहमदनगरची निजामशाही. अशा स्थितीत राज्य टिकवायचे तर पुराच्या लोंढ्यापुढे वेत जसा वाकतो तसे वाकावे लागते आणि लोंढा ओसरताच पुन्हा उभे राहावे लागते. संस्कृतात जिला वैतसी वृत्ती म्हणतात, तीच फारुकींची राजनीती होती. कधी गुजरातला पेशकश द्यावी, कधी निजामशहाशी तह करावा, कधी मुलगी देऊन सोयरीक जोडावी, असे करीत त्यांनी दोन शतके काढली. त्यांतील दुसऱ्या आदिलखानाने (१४५७–१५०१) असीरगडाला मलयगडाच्या तटबंदीची जोड दिली, गोंडवनापर्यंत आपला दरारा बसवला आणि गुजरातची पेशकश तुंबवून ठेवण्याइतके धैर्य दाखवले. परंतु तो गेल्यावर काही वर्षांतच, १५०८ मध्ये, वारसाचा तंटा उपस्थित झाला, एका बालराजाला विष देण्यात आले, गुजरातच्या महमूद बेगड्याने आपल्या पसंतीचा वारस आणला तर अहमदनगरने आपला पुढे केला, आणि राजवंशातील प्रत्येक मोकळा पुरुष म्हणजे कोणत्या तरी शेजाऱ्याच्या हातातले हत्यार होय, हे फारुकींच्या पुरते लक्षात आले.

या भयाच्या पोटी घराण्यात जी चाल रूढ झाली, तिच्यात मला बहादूरशहाच्या साऱ्या आयुष्याचे मूळ दिसते. गादीवर हक्क सांगू शकेल अशा राजपुत्रांना असीरगडावर नजरकैदेत ठेवीत. त्यांची बायकामुले तेथेच, खाणेपिणे तेथेच, आणि गादी रिकामी होऊन बोलावणे येईल तेव्हाच गड उतरायचा. या चालीने भाऊबंदकीचे रक्तपात टळले हे खरे. तथापि ज्याने घोडा तटाच्या आत फेकला, ज्याने फौज, मुलूख, परगण्याचा वसूल, वकिलांची बोलणी यांपैकी काही डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्या डोक्यावर एके दिवशी एकदम छत्र धरायचे, हा राज्य चालवण्याचा केवढा विपरीत प्रकार! तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांनीही भावांना ठार मारण्याची जुनी रीत सोडून सतराव्या शतकात हीच वाट धरली, आणि राजवाड्यातील त्या बंदिस्त दालनांना तेथील लोक पिंजरा म्हणू लागले; १६४० मध्ये इब्राहीम नावाच्या राजपुत्राला सुलतान करण्यासाठी मंडळी दाराशी आली, तेव्हा भावाचे प्रेत डोळ्यांनी पाहीपर्यंत तो भीतीने बाहेर यायला तयार नव्हता. बहादूर हा अशाच पिंजऱ्यात वाढलेला होता.

त्याचा बाप राजा अलीखान (१५७६–१५९७) हा मात्र वैतसी वृत्तीचा अखेरचा आणि कदाचित सर्वांत निपुण जाणकार. मोगलांशी या घराण्याचे नाते तोवर दोन प्रकारचे झालेले होते: १५६२ मध्ये पीर मुहंमद या मोगल सरदाराने बऱ्हाणपूरवर चालून येऊन कत्तल केली होती, आणि दोनच वर्षांनी राजा अलीखानाच्या पित्याने आपली कन्या अकबराला दिली होती, म्हणजे ज्याने पुढे राज्य बुडवले तो बादशहा नात्याने बहादूरचा आतोबाच. १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून कवी फैजी बऱ्हाणपुरास आला, तेव्हा राजा अलीखानाने काळाची पावले ओळखून बादशहाचे स्वामित्व मान्य केले, आणि दक्षिणेतील शेजाऱ्यांशी उघड वैर होणार नाही असाही प्रयत्न चालू ठेवला. याच राजाने बऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. तिच्यात अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरलेला असून त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी मिती आहे व मूळ पुरुषापासून बांधणाऱ्या आदिलशहापर्यंतची, म्हणजे राजा अलीखानापर्यंतची, वंशावळ दिलेली आहे. मशिदीत देवनागरी अक्षरांनी शालिवाहन शक कोरवून घेणाऱ्या या राजाला आपली प्रजा कोण आहे हे चांगले ठाऊक होते.

त्याचा अंत मात्र करुण झाला. १५९७ च्या आरंभी गोदातीरी सोनपेठच्या परिसरात मोगल आणि दक्षिणी फौजांचे तुंबळ युद्ध झाले, त्यात राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला. परंतु रात्रीच्या गोंधळात तो शत्रूला जाऊन मिळाला अशी आवई उठली आणि ज्यांच्यासाठी त्याने प्राण दिले त्यांनीच त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणात त्याचे प्रेत सापडले तेव्हा खरे काय ते कळले. हे वृत्त असीरगडावर कोंडलेल्या मुलाला ज्या दिवशी कळले असेल, त्या दिवशी मोगलांच्या शब्दाविषयी त्याच्या मनात कोणती गाठ बसली असेल, हे समजण्यास फारशा कल्पनाशक्तीची गरज नाही. बहादूरच्या पुढील वर्तनाचा विचार करताना इतिहासकार ही गोष्ट ओझरती सांगून पुढे जातात, ते मला न्याय्य वाटत नाही.

खिज्रखान हे त्याचे मूळ नाव; बहादूरशहा हा गादीवर बसतानाचा किताब. त्याच्या कारकिर्दीची पहिली वर्षे विलासात, गाण्याबजावण्यात गेली असा फिरिश्त्याचा आरोप आहे, आणि तो सर्वस्वी खोटा असेल असे नाही. आयुष्याची उमेद तटाच्या आत घालवलेल्या मनुष्याला मोकळी हवा लागल्यावर दुसरे काय सुचावे! बऱ्हाणपूरजवळ त्याने बहादूरपूर नावाचे गाव वसवले. संभाजीमहाराजांच्या फौजेने १६८१ मध्ये बऱ्हाणपूर लुटले, त्या हकीकतीत या बहादूरपुऱ्याचे नाव येते. ते ज्याच्यावरून पडले तो हाच.

दरम्यान दक्षिणेत मोगलांचा दाब वाढत होता. अकबराचा मुलगा शहाजादा मुराद १५९९ मध्ये वारला, त्याच्या जागी त्याचा भाऊ दानियाल आला, आणि तो बऱ्हाणपुरावरून जात असता बहादूर त्याच्या भेटीस गड उतरून गेला नाही. त्याआधी अकबराचा विश्वासू सल्लागार व इतिहासकार अबुल फज्ल यालाही त्याने स्वतः न जाता मुलाबरोबर दोन हजार स्वार देऊन वाटेला लावले होते. बापाने असल्या प्रसंगी हसतमुखाने सामोरे जाऊन, खिलअत घेऊन, मनातले मनातच ठेवले असते. बहादूरला ना पुरते वाकता आले, ना पुरते ताठ उभे राहता आले. बादशहाशी उघड वैर पुकारण्याचे बळ नव्हते, आणि त्याच्या छावणीत पाऊल टाकण्याचा धीर नव्हता. संकट आले तेव्हा त्याने तेच केले जे त्याला जन्मापासून ठाऊक होते: तो असीरगडावर चढला आणि दरवाजे लावून बसला.

१६०० च्या वसंतात अकबर स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. शहराने प्रतिकार केला नाही. असीरगड तेथून उत्तरेस सातएक कोसांवर. पायथ्यापासून सुमारे साडेआठशे फूट उंच उठलेला, वर असीर, त्याखाली कमरगड आणि मलयगड अशी तिहेरी तटबंदी असलेला, पाण्याची टाकी आणि कोठारे यांनी भरलेला हा गड त्या काळी हिंदुस्थानातील अजिंक्य दुर्गांत गणला जाई, आणि नर्मदेकडून दक्षिणेत उतरणारा राजमार्ग त्याच्या टप्प्यात असल्यामुळे त्याला वगळून दक्षिणेची मोहीम करणे बादशहाला शक्य नव्हते. शेख फरीद आणि अबुल फज्ल यांच्याकडे वेढ्याचा बंदोबस्त होता. एप्रिलपासून महिन्यांमागून महिने गेले. ऑगस्टमध्ये तिकडे चांदबिबीचा घात होऊन अहमदनगर पडले, तरी असीर हलेना. उत्तरेत शहाजादा सलीमने अलाहाबादेस बंडाचे निशाण उभारलेले, त्यामुळे बादशहाला एकेक दिवस मोलाचा झालेला. गडाच्या भिंती मोडतील अशा जड तोफा छावणीत नव्हत्या, म्हणून त्याने आपल्याबरोबर असलेल्या झेवियर या जेसुइट पाद्र्याला चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवण्यास सांगितले; पाद्र्याने धर्माचे कारण देऊन नकार दिला आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. गडावर तर, या पाद्र्यांच्याच सांगण्याप्रमाणे, बहादूरच्या चाकरीत काही पोर्तुगीज गोलंदाज होते.

गडावर काय चालले होते? बहादूरने लढवय्यांबरोबर असंख्य रयत, व्यापारी, कारागीर आणि गुरेढोरे आत घेतली होती, आणि एवढ्या दाटीत साथ पसरून माणसे पटापट मरू लागली, असे अबुल फज्ल आणि फिरिश्ता दोघेही लिहितात. कमरेखालचे अंग लुळे पडणे, दृष्टी जाणे ही त्या रोगाची लक्षणे म्हणून सांगितली आहेत. विन्सेंट स्मिथ या इंग्रज इतिहासकाराने मात्र ही साथच मोगल बखरनविसांची बनावट ठरवली. मला तसे वाटत नाही. हजारो माणसे आणि जनावरे महिनेच्या महिने एका माथ्यावर कोंडली तर रोग न होणे हेच नवल, आणि प्रजेला परमुलखाच्या फौजेच्या तोंडी खाली न सोडता वर घेणाऱ्या राजाला केवळ मूर्ख म्हणणेही मला जड जाते. असो. हिवाळ्याच्या तोंडाशी अबुल फज्लने एका आडवाटेने दोरांच्या साहाय्याने मलयगडावर मजल मारली, आणि बहादूरचा धीर सुटला. आई आणि मुलगा यांना पाठवून त्याने आधीच रदबदली करून पाहिली होती. बादशहाचा हट्ट होता की त्याने जातीने यावे.

डिसेंबर १६०० मध्ये तो खाली आला. हा प्रसंग दोन प्रकारांनी सांगितला जातो. दरबारी इतिहासाप्रमाणे राज्य परत मिळेल अशा आशेने तो शरण आला आणि गडावरचे लोक रोगाने व फितुरीने खचून पुढे उतरले. जेसुइटांच्या पत्रांवरून रचलेल्या वृत्तांताप्रमाणे अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ घेऊन त्याला सुखरूप परत जाऊ देण्याचा कौल दिला होता. बहादूर शरणागतीची खूण म्हणून गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारे वस्त्र घालून आला, त्याने तीन वेळा मुजरा केला, तेवढ्यात एका मोगल सरदाराने त्याची मान धरून त्याला पुरता सिजदा घालण्यासाठी जमिनीवर पाडले, आणि मग त्याला परत जाऊ दिले नाही. या वृत्तांतावर पुढील अभ्यासकांनी अनेक आक्षेप घेतले आहेत, आणि त्यातील प्रत्येक तपशील खरा मानावा असे मीही म्हणत नाही. परंतु राजा खाली आल्यावरही गड महिनाभर लढत राहिला, आणि १७ जानेवारी १६०१ रोजीच पडला, हे उभय पक्षांना मान्य आहे. तेव्हा राजाला अडकवून ठेवल्याचा इन्कार कोणी कसा करावा?

गडाचा हबशी किल्लेदार याकूत हा म्हातारा झालेला होता. त्याचा मुलगा मुकर्रबखान बोलणी करण्याच्या कामी खाली गेला आणि या प्रकरणात प्राणास मुकला. जेसुइट म्हणतात बादशहाने मारवला, फारसी बखरी म्हणतात त्याने स्वतःच जीव दिला. यानंतरची जी हकीकत पाद्र्यांनी नोंदवली आहे, ती या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत हृदयद्रावक वाटते. किल्लेदाराने गडावर नजरकैदेत असलेल्या राजवंशातील सात पुरुषांना एकत्र केले आणि तुमच्यापैकी जो कोणी छत्र धारण करील त्याच्यासाठी हा गड मी लढवतो असे सांगितले. कोठारांत धान्य होते, टाक्यांत पाणी होते, तोफा आणि दारूगोळा होता. सातांपैकी एकही पुढे आला नाही. तेव्हा त्या वृद्धाने आपल्याच हाताने आपला शेवट करून घेतला, कोणी म्हणतात गळ्याभोवती वस्त्र आवळून, कोणी म्हणतात अफू खाऊन. या सात जणांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एवढेच शिकवले गेले की गादीची इच्छा धरणे हाच अपराध, त्यांच्यापुढे एका रात्रीत गादी ठेवून ती उचला म्हणणे म्हणजे पंख छाटलेल्या पाखराला उडण्याची आज्ञा करणे होय. फारुकी वंश भाऊबंदकीतून ज्या उपायाने वाचला, त्याच उपायाने तो त्या दिवशी संपला.

चीनच्या चिंग घराण्याचा शेवटचा सम्राट पूयी याची गोष्ट आपल्या काळाला जवळची. १९०८ मध्ये तीन वर्षांचाही नसताना तो सिंहासनावर बसला, १९१२ मध्ये पदच्युत झाला, आणि तरी १९२४ पर्यंत पेकिंगच्या त्या निषिद्ध राजनगरीच्या भिंतींत सम्राटाचे सोपस्कार भोगत राहिला. पुढे जपान्यांनी मांचुरियात त्याला नावाचा राजा केले, मग रशियाची कैद, मग चीनचा तुरुंग, आणि अखेरीस एका वनस्पती-उद्यानात माळीकाम करून तो १९६७ मध्ये वारला. त्याला निदान कैदेबाहेरचे सामान्य आयुष्य काही वर्षे लाभले. बहादूरच्या आयुष्याचा क्रम असा की आधी गड, मग जेमतेम चार वर्षांचे राज्य, मग पुन्हा गड. फक्त दुसऱ्या वेळचा गड ग्वाल्हेरचा.

ग्वाल्हेरास त्याला तनखा बांधून देण्यात आला. इकडे खानदेशाचा सुभा दानियालकडे गेला आणि त्याच्या नावावरून मुलखाचे नामकरण ‘दानदेश’ असे झाले. फत्तेपूर सीक्रीच्या बुलंद दरवाजावर अकबराने जो विजयलेख कोरवला त्यात पूर्वी खानदेश म्हटला जाणारा हा दानदेश जिंकल्याचा उल्लेख आहे. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त याच नावाखाली आपल्या मुलखाचे जे वर्णन केले ते वाचताना प्रत्येक खानदेशी मनुष्याने क्षणभर थांबावे: ज्वारी हे मुख्य पीक आणि काही ठिकाणी ते वर्षात तीनदा येते, धरणगावला उत्तम कापड विणले जाते, चोपडे हे भरभराटीचे मोठे गाव असून गिरणा-तापीच्या संगमावर रामेश्वराचे क्षेत्र आहे, चांगदेवाजवळ तापी-पूर्णेचा संगम पवित्र मानतात. जळगावहून तासाभरात यांपैकी बहुतेक ठिकाणी आज जाता येते. राजवंश बदलला, सरकारी दप्तरात मुलखाचे नाव बदलले, आणि जोंधळ्याचे शेत, कोष्ट्याचा माग व संगमावरची यात्रा मात्र चालूच राहिली. दानियाल १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच अतिमद्यपानाने मेला, आणि ‘दानदेश’ हे नावही लोकांच्या तोंडी कधी रुळले नाही.

बहादूरशहा त्याच्यानंतरही जगला. असीरगडाला दोर लावणारा अबुल फज्ल १६०२ मध्ये मारला गेला, अकबर १६०५ मध्ये गेला. बहादूरला मृत्यू आला तो जहांगीराच्या कारकिर्दीत, १६२४ मध्ये, आग्र्यास. त्याचे पूर्वज थाळनेरला आणि बऱ्हाणपुरास तापीच्या कुशीत निजलेले आहेत. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्याच्या बापाने कोरवलेली संस्कृत वंशावळ आजही वाचता येते, आणि त्याच मशिदीवर हिजरी १००९ मधील अकबराच्या विजयाचा फारसी लेखही आहे. एक लेख त्याच्या राज्यारोहणापूर्वीचा, दुसरा त्याच्या कैदेनंतरचा. मधल्या वर्षांतला राजा दोहोंपैकी एकाच्याही वंशावळीत नाही.